अकरा शनिवार

मंदाकिनी आपटे यांना शनीची भीती कधी वाटली नाही. तो त्यांच्या घरातलाच होता. नारायण पेठेत त्यांचे वडील, आण्णा, चाळीस वर्षं पत्रिका बघत, आणि जिन्यात रांग लागे ती बहुतेक शनीनं गांजलेल्यांचीच. आण्णांचा एक नियम होता: वाईट सांगायचं नाही, उपाय सांगायचा. वाईट सांगितलेला माणूस रडत घरी जातो आणि परत येत नाही. उपाय सांगितलेला पेढे घेऊन येतो. आण्णांच्या घरात पेढ्यांना कधी तोटा पडला नाही.

मंदाकिनीबाई शाळेत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी योगाचा एक कोर्स केला, वडिलांच्या पंचांगाशी त्याची गाठ मारली आणि धायरीत बायकांसाठी ‘ग्रहचलन’ नावाचा वर्ग काढला. कल्पना साधी होती. प्रत्येक राशीकडे शरीराचा एकेक भाग असतो: मेषेकडे डोकं, वृषभेकडे गळा, असं उतरत उतरत मीनेकडे तळपाय. पत्रिकेत जो भाग पीडलेला निघेल त्याच्या हालचाली करायच्या. पण सावकाश, डोळे मिटून, सगळं लक्ष त्याच भागात नेऊन. सिंहेच्या बायका छाती उघडत, मकरेच्या गुडघे फिरवत. दोन महिन्यांत बायका एकमेकींना नावानं हाक मारायच्या बंद झाल्या. “अगं कन्या, सरक की जरा,” असं चालायचं.

वर्गात येणारीला एक फॉर्म भरावा लागे. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, असे तीन रकाने. तुम्हाला आजार कोणता, गोळ्या कोणत्या चालू आहेत, हे विचारणारा रकाना त्यात नव्हता. पुण्यात दर दोन माणसांमागे तीन चिकित्सक असतात, पण हे एकीच्याही लक्षात आलं नाही.

ज्या हॉलमध्ये वर्ग भरे तो मुक्ताबाईंचा. पंधरा वर्षांपूर्वी तिथे त्यांचं ज्वारीचं रान होतं. आता त्यांच्या मुलानं, बजरंगनं, सहा मजली इमारत उभी केली होती आणि तळमजल्याचा हॉल आईच्या नावानं राखला होता. बजरंग दांडगा, कमी बोलणारा, कामगारांना नुसत्या नजरेनं हलवणारा माणूस. मंदाकिनीबाई त्याला जरा बिचकूनच असत. मुक्ताबाई मात्र लोण्यासारख्या. जानेवारीत एक दिवस त्या आपणहून चटईवर येऊन बसल्या.

“माझा बी कागद भरा, बाई.”

“जन्मतारीख सांगा.”

“पानशेतचं धरान फुटलं न्हाई का? त्येच्या विसाव्या दिशी. गुरं सोडायच्या वक्ताला.”

मंदाकिनीबाईंनी बोटांवर दिवस मोजले, जुनं पंचांग काढलं. रास मीन निघाली. “त्रास काय होतो तुम्हाला?”

“तळपायाची आग हुती. रातच्याला निखाऱ्यावर पाय ठिवल्यागत. डोळ्याला डोळा लागत न्हाई.”

मीन म्हणजे तळपाय. साडेसाती चालू, आणि मार्चअखेर शनी स्वतःच मीनेत येणार. पत्रिका आणि तक्रार अशा हातात हात घालून आलेल्या मंदाकिनीबाईंनी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. इतकं चोख जुळल्यावर त्यांना आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. त्यांनी उपाय दिला. शनी मीनेत शिरेल त्या दिवसापासून अकरा शनिवार, घरापासून गावातल्या मारुतीपर्यंत आणि तिथून हॉलपर्यंत अनवाणी चालायचं. पाऊल सावकाश टाकायचं, लक्ष तळव्यात. मारुतीला तेल घालायचं.

“आणि मधे सोडायचं नाही हं,” त्या म्हणाल्या. आण्णाही असंच म्हणायचे. उपायाला जरा धाक असला की माणूस तो नेमानं करतो.

“सोडलं तर काय हुतंय?”

मंदाकिनीबाई नुसत्या हसल्या. “सोडायचंच कशाला?”

मुक्ताबाईंचा चेहरा उतरला. न सांगितलेलं वाईट सांगितलेल्यापेक्षा मोठं असतं, हे मंदाकिनीबाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी तिकडे पाहिलं नाही, इतकंच.

पाचव्या शनिवारी मुक्ताबाई हॉलमध्ये आल्या त्याच हसत. “बाई, आग गेली! पार गेली. चार रोज झालं, कशी ढाराढूर झोपतीय. कापसावर चालल्यागत वाटतंय.” बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं मोबाइलवर मुक्ताबाईंचं बोलणं टिपून घेतलं आणि ग्रुपवर टाकलं. ते धायरीभर फिरलं, वडगावला गेलं, आणि आठवड्याभरात एकोणीस नव्या बायका आल्या. मंदाकिनीबाई त्या रात्री आण्णांच्या फोटोसमोर पेढा ठेवून आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपण वडिलांच्या एक पाऊल पुढे गेलो.

मग सातवा शनिवार आला.

शनिवारचा वर्ग अकराचा असे. बाहेर मे महिन्याचं ऊन. हॉलमध्ये तीस बायका डोळे मिटून, अगदी सावकाश, गोल चालत होत्या. मंदाकिनीबाईही डोळे मिटून सूचना देत होत्या. “टाच टेकली... आता चवडा... आता बोटं... जमीन काय सांगतेय ते ऐका...”

टक्.

त्यांनी दुर्लक्ष केलं. कुणाची तरी जोडवी वाजली असेल.

“श्वास तळव्यातून आत घ्या...”

टक्. एक पाऊल शांत. पुन्हा टक्.

जोडवी अशी वाजत नाहीत. फरशीवर लोखंड आपटावं तसा तो आवाज होता, बारीक, अगदी तालात. मंदाकिनीबाईंनी डोळे उघडले. मुक्ताबाई डोळे मिटून, हात जोडून, शांत चेहऱ्यानं चालत होत्या. त्यांच्या मागे पांढऱ्या फरशीवर उजव्या पावलाचे ठसे उमटत होते. लाल. दारापासून वळून इथवर, एकाआड एक, ओले.

त्या क्षणी मंदाकिनीबाईंनी जे केलं ते त्यांना पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं: त्यांनी आधी फरशी पुसली. चटईवरचा नॅपकीन उचलला, वाकल्या आणि दारापासून एकेक ठसा पुसत आल्या. तीस बायकांचे डोळे मिटलेले होते. तोंडानं सूचना चालूच होत्या, “सावकाश... सावकाश...” आणि हात भराभर चालला होता. नॅपकीन लाल झाल्यावर त्यांनी तो चटईखाली सरकवला आणि मग मुक्ताबाईंचा दंड धरून त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीत नेऊन बसवलं.

“काय झालं, बाई?”

“काही नाही. पाय बघू जरा.”

तळव्यात खिळा होता. बांधकामाच्या फळ्यांना मारतात तसला, टोपीपर्यंत आत गेलेला. ती टोपीच फरशीवर वाजत होती. पण मंदाकिनीबाईंचं लक्ष त्याच्यावर टिकलं नाही. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती, कडा पांढऱ्या, मध्ये काळी. ती आजची नव्हती. तिला वास येत होता.

“हे... हे दुखत नाही तुम्हाला?”

“कुटं काय?” मुक्ताबाईंनी वाकून पाहायचा प्रयत्न केला, पोट आड आलं. “सांगितलं न्हवं, आग गेली म्हनून. आता कायबी कळत न्हाई. कापसावर चालल्यागत वाटतंय.”

कापसावर. दोन आठवड्यांपूर्वी हाच शब्द मुक्ताबाईंनी त्या मोबाइलसमोर वापरला होता, आणि मंदाकिनीबाईंनी हसून मान डोलवली होती. आण्णांच्या पायांना शेवटी काय झालं होतं ते त्यांना आठवलं. रात्री शेगडीजवळ बसले होते आणि कातडी जळाल्याचा वास आईला आधी आला होता, त्यांना नाही. साखर. घरात बघितलेलं होतं. समोर आल्यावर ओळखायला काय हरकत होती?

“मुक्ताबाई, साखर आहे तुम्हाला?”

“हाय की. धा वर्सं झाली. गोळी घेत हुते. आग गेली तवा सोडली. म्हनलं उपायच लागू पडला तर गोळी कशापायी?”

“डॉक्टरांकडे चला. आत्ता.”

“नगं. अकरा व्हऊ द्या. मधी सोडायचं न्हाई म्हनलाय तुमी.”

इथे खरं सांगायची वेळ होती. मंदाकिनीबाई खऱ्याच्या अगदी उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि घाबरून मागे फिरल्या. बजरंग डोळ्यांपुढे आला, एकोणीस नव्या बायका आल्या, आणि जिभेवर आण्णा आले. “लोखंड शनीचं असतं, मुक्ताबाई,” त्या म्हणाल्या. “पायात शिरलेलं लोखंड डॉक्टरांच्याच हातून काढायचं असतं. तो उपायाचाच भाग आहे.”

मुक्ताबाईंचे डोळे मोठे झाले. “मंजी त्यानं पाय धरला व्हय माजा?”

मंदाकिनीबाईंनी रुमालानं पाय बांधला. मुक्ताबाई निमूट उठल्या.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खिळा काढला. एवढा लांब खिळा बाहेर येत असताना मुक्ताबाई नर्सला विचारत होत्या की, तिचं माहेर कुठलं. साखर तपासली, तीनशे ऐंशी निघाली. तेवढ्यात बजरंग आला, कामावरूनच, बुटांना सिमेंट. त्यानं आईचा पाय पाहिला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

“चप्पल घालत नव्हता का?” डॉक्टरांनी विचारलं. “कुठे कुठे टोचलंय बघा. अनवाणी कुणी चालायला सांगितलं?”

मंदाकिनीबाई एक पाऊल दाराकडे सरकल्या.

“कुनी न्हाई,” मुक्ताबाई म्हणाल्या. “माझी मीच.”

मंदाकिनीबाईंना सुटल्यासारखं वाटलं. लगेच त्या सुटकेची इतकी लाज वाटली की त्यांना मान वर करवेना.

डॉक्टरांनी खणातून नायलॉनचा एक जाडसर दोरा काढला, काडीला लावलेला. “आजी, डोळे मिटा. मी तळव्याला हा दोरा लावणार. लागला की ‘हो’ म्हणायचं.”

डोळे मिटायची मुक्ताबाईंना सवयच होती. त्यांनी पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि लक्ष तळपायात नेलं. मंदाकिनीबाईंनी शिकवल्याप्रमाणे, अगदी तसंच. डॉक्टरांनी दोरा अंगठ्याला टेकवला, तो वाकला. मुक्ताबाई शांत. करंगळी. शांत. चवडा, तीन ठिकाणी. तळव्याचा मध्य. टाच. मंदाकिनीबाई श्वास धरून मनात म्हणत होत्या, म्हणा हो, एकदा तरी म्हणा. डॉक्टरांनी दुसरा पाय घेतला. त्याच्याही सगळ्या जागा झाल्या. त्यांनी दोरा खणात ठेवला, खण लावला, हात धुतले.

मुक्ताबाई डोळे मिटूनच होत्या. जरा वेळानं म्हणाल्या, “डाक्टर, सुरू करा की आता.”

बजरंगनं तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी समजावलं. अंगठा आतून सडलाय, तो जाणार. आज दाखल झालात तर पाऊल वाचवायचा प्रयत्न करता येईल. आठवडा घालवलात तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, आणि त्यानंतर मी काहीच सांगू शकत नाही.

“मग चार शनवार झाल्यावर हुते की दाखल,” मुक्ताबाई म्हणाल्या.

“आये!” बजरंग ओरडला. “येडी झालीस का काय?”

“तुला न्हाई कळायचं.” त्या खरोखर घाबरल्या होत्या, पायाला नाही. “त्यानं पाय धरलाय माझा. लोखंड घातलंय. आता मधी सोडलं तर त्यो घरात शिरंल. तुज्यावर येईल, पोरांवर येईल. एक पाय ग्येला तर जाऊ दे.”

बजरंगनं हात जोडले, दरडावलं, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं. मुक्ताबाई हलल्या नाहीत. ही भीती कुणी घातली आणि ती कोण काढू शकेल, हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं. बजरंगचे सिमेंटचे बूट मंदाकिनीबाईंपासून हातभर अंतरावर होते.

“मी सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “अनवाणी चालायला. डॉक्टर, मी सांगितलं. आणि मुक्ताबाई, अकरा हा आकडा मीच ठरवला. तो पाचही असता, सातही असता. लोखंडाचं मघाशी म्हणाले ते तुम्ही इथे यावं म्हणून. शनीनं काहीही धरलेलं नाही.”

“मंग माजी आग ग्येली ती?”

आयुष्यात मंदाकिनीबाईंनी कुणाला वाईट सांगितलं नव्हतं. कसं सांगतात तेच त्यांना येत नव्हतं. “आग गेली नाही, मुक्ताबाई. तुम्हाला कळायचं गेलं. मला तेव्हाच समजायला हवं होतं. मी टाळ्या वाजवल्या.”

बजरंग आईशेजारी जाऊन उभा राहिला. मुक्ताबाईंनी आपल्या पायाकडे पाहिलं, मग मंदाकिनीबाईंकडे. लोण्यासारखा तो चेहरा हळूहळू घट्ट झाला.

“तुमी म्हनता खोटं हुतं. आदी म्हनला खरं हाय. आता मी कोनत्या तोंडावर इस्वास ठेवू?” त्यांनी पदर सारखा केला. “सोडलं म्हनून त्यो आला तर तुमी येनार हाय का आडवं? न्हाई. मंग ऐका. मी दवाखान्यात जाते. ऱ्हायलेले चार शनवार तुमी चालायचे. माझ्या दारापासनं. अनवानी. तेल बी तुमीच घालायचं.”

“मुक्ताबाई, अहो, त्यात काही अर्थ नाही, मी आत्ताच...”

“अर्थ नसंल तर तुमास्नी चालायला काय जड हाय?”

मंदाकिनीबाईंनी मान हलवली, आणि मुक्ताबाईंनी पायाचा अंगठा काढायच्या संमतीच्या कागदावर, उजव्या हाताचा अंगठा न लावता, वळणदार सही केली.

सोमवारी पायाचा अंगठा काढला. पाऊल राहील की नाही ते पट्टी सोडल्यावरच कळणार होतं. मंदाकिनीबाईंनी तो आठवडा कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. वर्ग बंद ठेवला. ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. त्यावर अकरा जणींनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि एकीनं विचारलं, मग मकरेचं काय करायचं. रात्री डोळा लागला की फरशीवर टक् टक् ऐकू यायचं. शनीची भीती कधी न वाटलेल्या त्या बाई अंधारात उठून बसत आणि पुटपुटत, “पाऊल राहू दे. माझ्यावर घे काय ते.” कुणाला सांगत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शनिवारी सकाळी अकराला त्या मुक्ताबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. ऊन तापलं होतं. फाटकाशी बजरंग होता.

“पट्टी सोडली सकाळी,” तो म्हणाला. “पाऊल ऱ्हातंय म्हनले. जखम भरायला चार म्हैने. जानीव मात्र येनार न्हाई परत.”

मंदाकिनीबाईंनी फाटकाचा आधार घेतला. डोळे पुसले. मग त्यांना वाटलं, आता हा म्हणेल, जाऊ द्या बाई, घरी जा.

बजरंगनं मोबाइल कानाला लावलेला होता. “आई इचारतीय, निघाल्या का म्हनून.”

मंदाकिनीबाईंनी चपला काढून पिशवीत ठेवल्या, तेलाच्या बाटलीशेजारी. फाटकाबाहेर रस्ता उकरलेला होता. नवी खडी पसरली होती, कडा धारदार, उन्हानं भाजलेली. बजरंग मागे दोन पावलं अंतर ठेवून उभा राहिला. त्यांनी उजवा पाय उचलला आणि टाच टेकली. चटका टाचेतून थेट डोक्यात गेला. खड्याची कड आत रुतली. तोंडातून आवाज फुटला.

“लागलं?” बजरंगनं मागून विचारलं.

“हो,” मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरं पाऊल टाकलं.